सोबत्याचा वेग



धानाची कापणी आटोपली, बांध्या मोकळ्या झाल्या, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात पहाटेच्या रस्त्यांवर वेगळीच वर्दळ सुरू होते. आमगाव असो, गोरेगाव असो, की देवरी-सालेकसाकडचा जंगलपट्टा असो, उजाडण्याआधीच मुले-मुली धावताना दिसतात. कोणी शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ मारून फेऱ्या मोजतो, तर कोणी डांबरी रस्त्यावर किलोमीटरचा दगड धरून पळतो. हातात मोबाईल, त्यावर स्टॉपवॉच, आणि गळ्यात टॉवेल. ही नुसती हौस नव्हे. ही भरतीची तयारी आहे.

या तयारीचा हिशेब सेकंदांचा असतो. २०२४ च्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण होते. मुलांसाठी १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटर धावण्याचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींसाठी १६०० च्या जागी ८०० मीटर. मुलाने १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत किंवा त्याआधी पार केले, तर पूर्ण २० गुण. मुलीने ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत केले, तर पूर्ण २०. त्यानंतर काही सेकंद उशीर झाला, की गुण कमी होत जातात. त्या वर्षी राज्यभरात १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे सुमारे शंभर अर्ज. ज्या घरात दोन-तीन एकर धान आणि पावसाचा भरवसा एवढीच मिळकत आहे, त्या घरासाठी ही नोकरी म्हणजे भाकरी, बहिणीचे लग्न आणि म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी.

या पार्श्वभूमीवर आज एका प्रश्नाचा विचार आपण करू या. प्रश्न लहान दिसतो, पण तो सोपा नाही.

एकाच गावातले दोन मित्र धरा. दोघेही भरतीची तयारी करतात, दोघांचा प्रवर्ग एकच, अर्जही एकाच जिल्ह्यात. पहिल्याला सैन्यात असलेल्या एका नातेवाइकाने धावण्याचे नीट मार्गदर्शन केले आहे. दुसऱ्याला कोणी सांगणारे नाही. तो रोज पूर्ण ताकदीने १६०० मीटर पळतो, पहिल्या फेरीतच सगळा दम खर्च करतो आणि शेवटच्या फेरीत ढेपाळतो. महिनाभरात त्याची वेळ दोन सेकंदांनीही सुधारलेली नाही आणि आता त्याची नडगी दुखू लागली आहे. पहिला हे सारे पाहतो. चूक कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे. त्याने सांगावे का? सांगितले आणि मित्र त्याच्याही पुढे गेला तर?

आधी पाहू, त्याच्याजवळ सांगण्यासारखे आहे तरी काय. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या. ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. त्याला चाराने भागले, तर प्रत्येक फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. ज्याची एवढीच ताकद आहे त्याने पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारली, तर त्याची किंमत शेवटच्या फेरीत चुकवावी लागते. म्हणून पहिल्या फेरीत स्वतःला आवरणे हे पहिले शिक्षण. दुसरे असे, की रोज जिवाच्या आकांताने पळून वेग वाढत नाही. आठवड्यातले बरेच दिवस सावकाश, गप्पा मारता येतील इतक्या बेताने लांब पळावे. त्याने हृदय एका ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायूंना प्राणवायू वापरण्याची सवय होते. आठवड्यातून एक-दोनदाच ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या माराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर थोडी विश्रांती घ्यावी. तिसरे म्हणजे, शरीर घडते ते पळताना नव्हे, पळून झाल्यावर. झोपेत आणि सुटीच्या दिवशी. नडगी दुखत असेल तर थांबायचे असते, पट्टी बांधून रेटायचे नसते.

एवढेच ते गुपित. दहा मिनिटांत सांगून होईल. पण या दहा मिनिटांनी मित्राची वेळ वीस सेकंदांनी सुधारू शकते, आणि सांगणाऱ्याचा नंबर एकाने खाली जाऊ शकतो.

पुष्कळ जण याचे एक सोपे उत्तर देतात. सोबती वेगवान झाला तर तूही वेगवान होशील, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांचे उदाहरण घ्या. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये गेला आणि तिथे धावपटू झाला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ दिली. तो त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम होता. तरीही ते दुसरे आले. केनियाचा अब्राहम किबिवोट त्यांच्या केवळ ०.०५ सेकंद पुढे होता. पुढे तोडीस तोड धावणारा माणूस असल्याशिवाय असा वेग अंगातून निघत नाही. ज्याने सुवर्णपदक नेले, त्यानेच एका अर्थी साबळे यांच्याकडून तोवरची सर्वोत्तम धाव काढून घेतली.

पण हे उत्तर पुरेसे नाही. सराव करताना सोबती उपयोगी पडतो हे खरे. गुणांची यादी लागते त्या दिवशी मात्र तो सोबती नसतो, यादीतले एक नाव असतो. शिवाय ‘मला फायदा होतो म्हणून मी सांगतो’ ही तर व्यापाराची भाषा झाली. फायदा संपला, की सांगणेही संपेल.

इथे स्पेनमधील एक घटना आठवते. २ डिसेंबर २०१२ रोजी नवारा प्रांतातील बुर्लादा येथे क्रॉसकंट्री शर्यत होती. केनियाचा आबेल मुताई सर्वांत पुढे होता. शेवटची रेषा आलीच असे समजून तो थोडा आधीच थांबला. मागून येणारा इव्हान फर्नांडिस अनाया त्याला सहज ओलांडू शकला असता. त्याने तसे केले नाही. मागे राहून मुताईला खुणेने पुढे जायला सांगितले आणि त्याला जिंकू दिले. ही गोष्ट जगभर सांगितली गेली, आपल्याही मोबाईलवर ती कित्येकदा आली असेल. पण तिचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. अनायाने नंतर प्रामाणिकपणे कबूल केले, की जागतिक किंवा युरोपीय पदक पणाला लागले असते, तर बहुधा आपण त्या चुकीचा फायदा घेतला असता. त्याचे प्रशिक्षक मार्तिन फिस, १९९५ चे मॅरेथॉन विश्वविजेते, यांनीही सांगितले, की त्या जागी आपण असतो तर तसे वागलो नसतो.

हा उत्तरार्ध आपल्याला जास्त उपयोगाचा आहे. बक्षीस लहान असते तेव्हा मन मोठे करणे सोपे जाते. आपल्या मुलांसमोर जे बक्षीस आहे, ते लहान नाही. म्हणून एखादी आई आपल्या मुलाला म्हणते, “सगळं सगळ्यांना सांगत बसू नकोस, आधी स्वतःचं बघ,” तेव्हा तिला स्वार्थी म्हणण्याची घाई आपण करू नये. तिने रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत कंबर मोडून मजुरी केली आहे. त्या पैशांतून मुलाचे बूट आले आहेत. घराप्रती मुलाचे कर्तव्य आहे आणि ते खरे कर्तव्य आहे. प्रेम करावे, पण घरच्यांच्या तोंडचा घास काढून करावे, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही.

मग मार्ग काय? माझ्या मते इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. जागा मोजक्या आहेत. ज्ञान मोजके नाही. माझी जागा मी मित्राला दिली, तर माझ्याकडे जागा उरत नाही. मला आलेली रीत मी त्याला सांगितली, तर ती माझ्याकडे होती तेवढीच राहते. त्याला सांगून माझे पाय मंदावत नाहीत. कमी होतो तो फक्त त्याच्या अज्ञानातून मला मिळणारा लाभ. आणि हा लाभ माझा आहे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? तो मी सरावाने कमावलेला नाही. मित्राला सांगणारे कोणी नव्हते आणि मला होते, एवढ्या योगायोगातून तो आला आहे. मला तरी ते ज्ञान कोणीतरी फुकटच दिले होते. फुकट मिळाले ते फुकट द्यावे, असे प्रभूने आपल्या शिष्यांना पाठवताना सांगितले (मत्तय १०:८). ते शब्द रोग बरे करण्याच्या वरदानाविषयी आहेत हे खरे, पण त्यातला न्याय दुखऱ्या नडगीलाही लागू पडतो.

याचा अर्थ, भरतीच्या दिवशी मित्रासाठी मुद्दाम मागे राहावे का? मुळीच नाही. ते प्रेम नव्हे. देवाने दिलेल्या ताकदीशी ते खोटेपण होईल, घराशी अन्याय होईल आणि ज्या जनतेला सक्षम शिपाई हवा आहे, तिचीही फसवणूक होईल. मैदानावर शिटी वाजली, की पूर्ण जोराने धावावे आणि मित्रानेही तसेच धावावे अशी इच्छा बाळगावी. स्वतःच्या सरावाचा वेळ मोडून गावभर शिकवत फिरण्याचीही सक्ती कोणावर नाही. न्यायाने आपण बांधलेले आहोत ते एवढ्यासाठी, की कोणाला धक्का देऊ नये, चुकीची माहिती देऊ नये, खोटे दाखले जोडू नयेत. प्रेम त्याच्या एक पाऊल पुढे जाते. समोरचा चुकतो आहे, त्याचे शरीर दुखावते आहे, आणि माझे दोन शब्द त्याला वाचवू शकतात, तेव्हा ते शब्द गिळून टाकू नयेत असे प्रेम सांगते.

आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत जड वाटते. सरावाने फक्त पाय घडत नाहीत. माणूस रोज जे करतो, तसा तो होत जातो. एखाद्याने वर्षभर रोज पहाटे मित्राचे दुखणे पाहून गप्प राहण्याचा सराव केला, तर वर्षाच्या शेवटी त्याला साडेसत्त्याहत्तर सेकंदांची फेरी तर येईलच, पण गप्प राहणेही अंगवळणी पडेल. मग तो खाकी वर्दी घालील. ठाण्यात एखादी घाबरलेली बाई तक्रार घेऊन येईल. रस्त्यात एखादा जखमी पडलेला असेल. त्या वेळी त्याच्यातला कोणता सराव जागा होईल? ज्या नोकरीचा अर्थच दुसऱ्याच्या रक्षणासाठी धावणे असा आहे, तिची तयारी दुसऱ्याकडे पाठ फिरवून कशी करता येईल?

आपल्या मनात काय चालले आहे, हे ओळखण्याची एक सोपी कसोटीही आहे. संत थॉमस अक्विनास यांनी मत्सराला दुसऱ्याच्या भल्याचे दुःख म्हटले आहे. आपल्याला एखादी गोष्ट मिळाली नाही याचे वाईट वाटणे हा मत्सर नव्हे. त्याला मिळाली याचे वाईट वाटणे हा मत्सर. तेव्हा मित्राची वेळ पाच सेकंदांनी सुधारली, की त्या क्षणी मनात पहिल्यांदा काय येते ते पाहावे. ‘मलाही मेहनत वाढवली पाहिजे’ असे आले तर ठीक. ‘याचा पाय मुरगळला तर बरे’ असे आले, तर धावणे थोडे बाजूला ठेवून देवाशी बोलायची वेळ आली आहे.

सोबत्याला सांगण्यात कधी कधी ‘थांब’ असे सांगणेही येते. वेग येतो म्हणून कोणी इंजेक्शन देऊ करतो, कोणी नाव-पत्ता नसलेली पावडर विकतो. भरतीच्या मैदानावर उत्तेजक औषधे सापडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यातून आल्या आहेत. जो असे औषध घेऊन पुढे जातो, तो न घेणाऱ्या सर्वांची चोरी करतो आणि स्वतःच्या हृदयाशी खेळतो. उन्हाचेही तसेच. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही तरुणांनी प्राण गमावले. आपल्या पूर्व विदर्भातला उन्हाळा तर त्याहून कडक. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे (१ करिंथ ६:१९), हे वाचन मिस्सेत ऐकायचे आणि मैदानावर विसरायचे असे होऊ नये. चक्कर येत असलेल्या मुलाला ‘अजून एक राऊंड मार’ म्हणणारा मित्र नव्हे. त्याला सावलीत बसवून पाणी देणारा मित्र.

संत पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिले होते. त्या शहराजवळच दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत आणि विजेत्याला पाइनच्या डहाळ्यांचा मुकुट मिळे. म्हणूनच करिंथकरांना लिहिताना त्यांना धावण्याचा दाखला सुचला असावा (१ करिंथ ९:२४-२७). धावतात सगळे, बक्षीस एकाला, हे त्यांनाही ठाऊक होते. पण आयुष्याच्या अखेरीस तिमथ्याला लिहिताना आपली धाव संपवल्याचे ते सांगतात आणि लगेच जोडतात, की तो मुकुट केवळ आपल्यासाठी नाही, प्रभूच्या येण्याची प्रीतीने वाट पाहणाऱ्या सर्वांसाठी आहे (२ तिमथ्य ४:७-८). म्हणजे एक शर्यत अशी आहे, जिच्यात जागा संपत नाहीत. भरतीची शर्यत तशी नाही. पण भरतीची शर्यत आपण कशी धावतो, यावर त्या दुसऱ्या शर्यतीतली आपली चाल ठरते.

शुभवर्तमानात एका शर्यतीचा निकालही नोंदवलेला आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी पेत्र आणि प्रभूचा आवडता शिष्य थडग्याकडे धावले. दुसरा शिष्य पेत्राहून वेगवान ठरला आणि आधी पोहोचला (योहान २०:३-८). त्याने वाटेत पेत्रासाठी वेग कमी केला नाही. पण पोहोचल्यावर तो आत शिरला नाही. वाकून पाहिले आणि बाहेर थांबला. मागून धापा टाकत आलेला पेत्र आधी आत गेला. मग तो गेला, त्याने पाहिले आणि विश्वास ठेवला. पूर्ण वेगाने धावणे आणि दारात सोबत्यासाठी थांबणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, हे तो शिष्य आपल्याला दाखवतो.

विसाव्या शतकातही असे एक उदाहरण घडले. चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५००० मीटर, १०००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. वेगवान फेऱ्या आणि त्यांच्यामध्ये सावकाश पळणे ही त्यांच्या सरावाची रीत पुढे जगभरच्या धावपटूंनी उचलली. ऑस्ट्रेलियाचे रॉन क्लार्क यांनी अनेक जागतिक विक्रम केले, पण ऑलिंपिकचे सुवर्ण त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. १९६६ मध्ये क्लार्क प्रागला आले असता, निघताना झाटोपेक यांनी त्यांच्या हातात एक लहान पुडके दिले. त्यात १९५२ चे त्यांचे एक सुवर्णपदक होते. आपल्या मुलांजवळ देण्यासारखे पदक नसेल. साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा हिशेब मात्र आहे.

शेवटी, यादीत नाव न आलेल्यांविषयी. शंभर अर्जांमागे एक जागा असेल, तर कितीही चांगले धावले तरी बहुतेकांचे नाव येणार नाही. हा त्यांच्या आळसाचा पुरावा नव्हे. तीन-चार वर्षे मैदानावर घालवून वयोमर्यादा ओलांडलेला मुलगा रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो आणि मिस्सा संपताच कोणाच्या नजरेस न पडता निघून जातो, तेव्हा त्याच्यासाठी दारात थांबण्याचे काम आपल्या सर्वांचे आहे. ‘काय रे, यंदाही नाही का?’ हा प्रश्न आपण टाळू या. त्याच्या अंगी जी शिस्त आली आहे, ती वाया गेलेली नाही. शाळेतल्या लहान मुलांना धावायला शिकवण्यासाठी ती आज उपयोगी पडू शकते. आणि दुसऱ्या कामाची वाट दाखवण्यासाठी धर्मग्रामातल्या जाणत्यांनी त्याच्यासोबत बसले पाहिजे.

उद्या पहाटे आपली मुले पुन्हा रस्त्यावर असतील. पालकांनी त्यांना एवढेच सांगावे: जोरात धाव, खरे धाव, आणि सोबतचा चुकत असेल तर त्याला सांग. ते सांगणे कदाचित महाग पडेल. त्या वेळी आपल्या लेकराच्या पाठीशी उभे राहण्याचे बळ प्रभू आपल्याला देवो.